बाबांची कोठी आणि कोंबड्यांचं आंबट

"मैडम, क्या मुर्गियों का भी खट्टा खाने का मन करता है?"

हा प्रश्न मी आमच्या शाळेच्या सभागृहात, माइकवरून, प्राचार्य पहिल्या रांगेत बसलेले असताना विचारला. हिंदीत विचारला, कारण शाळा हिंदीत चालते. मराठी आम्ही घरी बोलतो आणि भांडण दोन्हीत करतो. प्रश्न माझा नव्हता, माझ्या मैत्रिणी नीतू आणि खुशबू यांच्या पैजेचा होता. पशुवैद्यकीय विभागाच्या डॉक्टर विजया मॅडम व्याख्यानाला आल्या होत्या आणि नीतू माझ्या कानात म्हणाली, "तू पूछ ही नहीं सकती." गेल्या वर्षीपर्यंत हे खरं होतं. गेल्या वर्षी मी हजेरीलासुद्धा खालच्या आवाजात उत्तर द्यायचे. पण यंदा मी वादविवाद स्पर्धा जिंकले आहे. समोरची मुलगी मध्येच चक्कर येऊन पडली हे खरं, आणि ती उपाशी होती असंही म्हणतात, पण जिंकणं ते जिंकणं. तेव्हापासून मला माइक दिसला की पाय आपोआप तिकडे वळतात.

सभागृह हसलं. विजया मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "प्रश्न फार चांगला आहे. कोंबडीचं माहीत नाही, पण तिच्या दाण्याला आंबट लागतं." मग त्यांनी सांगितलं की साठवलेल्या दाण्याला ओल लागली की बुरशी येते, आणि ती बुरशी दाण्यात विष सोडते. ते डोळ्यांना दिसत नाही, पण कोंबडीचं यकृत खराब करतं, अंडी कमी होतात, कवच पातळ होतं. त्यावर उपाय म्हणजे सेंद्रिय आम्लं, म्हणजे सिरक्याच्या, व्हिनेगरच्या जातीची ॲसिडं. त्यातलं प्रोपिऑनिक ॲसिड मापानं दाण्यात मिसळलं की बुरशी धरत नाही.

मी उभीच राहिले. अंडी कमी, कवच पातळ. हे तर आमच्या परसातलं वर्णन होतं. एवढ्यात मागून खुशबूनं दोन्ही अंगठे वर करून मी पैज जिंकल्याची खूण केली, नीतूनं हात जोडले, आणि मी वळून वळून दोघींचा मुजरा स्वीकारत बसले. विजया मॅडम पुढेही बराच वेळ बोलल्या. ते मी ऐकलं नाही.

आता कोंबड्यांबद्दल. आम्ही प्लांटचं सेक्टरमधलं क्वार्टर सोडून शहराच्या कडेला कुरुदला स्वतःचं घर बांधलं, तेव्हा आईनं एकच गोष्ट मागितली होती, मागचं परस. त्यात तिनं कोंबड्या पाळल्या. आधी पाच-सहा, मग त्यांचा पसारा वाढत वाढत सगळी गल्ली आमच्याकडून अंडी नेऊ लागली. पूर्वी आईला लोक 'आनंदराव भाऊंची घरवाली' म्हणायचे. हल्ली बाबांना 'अंडेवाल्या ललिताबाईंचे मिस्टर' म्हणतात. बाबा हे ऐकलं की मोबाईलमध्ये बघायला लागतात.

बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये वेल्डर आहेत. जगात जे काही बिघडतं ते लोखंड कमी पडल्यामुळे बिघडतं, असं त्यांचं ठाम मत आहे. त्यामुळे आमच्या घरात लाकूड औषधालाही नाही. पलंग लोखंडी, देव्हारा लोखंडी, तुळशीचं वृंदावनही लोखंडी, ज्यात मे महिन्यात तुळस खालून शिजते. आईच्या कोंबड्यांचा दाणा पोत्यात राहतो आणि उंदीर पोती फोडतात हे कळल्यावर बाबांनी सलग कितीतरी रविवार घालून एक कोठी बनवली. छातीएवढी उंच, गोल, जाड पत्र्याची. झाकणाला रबराची गॅस्केट आणि भोवती बोल्ट. आई दाणा काढायला पाना घेऊन निघाली की गाडीचं चाक बदलायला निघाल्यासारखी दिसते. पण उंदरांनी हार मानली. गल्लीतले पुरुष येऊन कोठीवर टकटक करून जात. बायका आईकडे बघून मान हलवत, पण त्या काय म्हणत होत्या ते आम्ही कोणी विचारलं नाही.

आणि मग श्रावणापासून अंडी घटली. कवच असं की हातात घेतलं की बोट आत. दोन कोंबड्या एका आठवड्यात गेल्या. दाण्याला कुबट वास यायला लागला, आणि हात घातला की ढेकळं निघायची. शेजारच्या सिंधुताईंनी निदान केलं, "नजर लागली." बाबांनी निदान केलं, "दुकानदारच सडका माल देऊन राहिला." मग कोंबड्यांवर निदान झालं, की जातच खराब. मग आईवर झालं, की हात ओला असताना दाणा काढते. सगळ्यांचं निदान झालं, फक्त एका वस्तूकडे कोणी बोट दाखवलं नाही, कारण ती वस्तू बाबांनी बनवली होती.

शेवटी एका संध्याकाळी बाबा म्हणाले, "ललिता, बस झालं आता. विश्वकर्मा पूजेच्या दुसऱ्या दिवशी सुपेल्याचा चिकनवाला येईल. म्या सांगून ठेवलं त्याले. सगळ्या नेईल." विश्वकर्मा पूजा म्हणजे प्लांटवाल्यांचा अवजारं पुजायचा सण, सप्टेंबरातला.

आईनं हातातला ताटं पुसायचा कपडा पिळला. तो आधीच कोरडा होता.

तर त्या घरात मी विजया मॅडमचं ज्ञान घेऊन पोचले. "आई, कोंबड्या वाचतात," मी दप्तर न काढता जाहीर केलं. "ॲसिड पाहिजे."

"कोनाले पाजतं ॲसिड?" आईनं विचारलं. तेवढ्यात भिंतीपलीकडून सिंधुताई उगवल्या. त्यांना आमच्या घरातलं सगळं ऐकू येतं, आणि जे ऐकू येत नाही त्याचाही त्यांना अंदाज असतो. "आंबटच पायजे ना? चिंचेचं पानी टाका. माह्या माहेरी सगळ्याले चिंचेचं पानीच चालते." ओल्या दाण्यात आणखी पाणी टाकायचं, हे माझ्यासारख्या विज्ञानाच्या विद्यार्थिनीला पटणं शक्य नव्हतं. मी त्यांना नम्रपणे तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "दोन बुकं शिकली का पोरगी अशी होते."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी थेट पावर हाउसच्या बाजारात गेले. तिथे एका मोठ्या दुकानात रंग, फिनाइल, गोंद, सगळं मिळतं. गर्दी होती. मी शाळेच्या गणवेशात, दोन वेण्या घालून, गर्दीतून पुढे घुसले आणि नव्यानं कमावलेल्या आवाजात म्हणाले, "अंकल, एसिड देना."

दुकान शांत झालं. इतकं शांत की मागे एक बाई थिनरचा डबा खाली ठेवत होती, त्याचा आवाज आला. काउंटरवरच्या काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि मला स्टुलावर बसायला सांगितलं. "बेटा," ते फार हळू आवाजात म्हणाले, "लड़का कौन है?"

"लड़का नहीं है, अंकल. मुर्गी है."

"ठीक है, नाम मत बताओ. पर बात करने से भी मामला सुलझ जाता है."

मी प्रोपिऑनिक, बुरशी, यकृत, पातळ कवच हे सगळं सांगितलं. मी जितकं जास्त सांगत गेले तितका त्यांचा चेहरा जास्त गंभीर होत गेला, कारण एवढी तयार गोष्ट रचून आलेली मुलगी म्हणजे प्रकरण खोल. त्यांनी मला नियम समजावले. अठरा पूर्ण पाहिजेत, आधार पाहिजे, कशासाठी पाहिजे ते नोंदवायचं. सगळे नियम बरोबर होते आणि मला ते मान्यही होते. फक्त मागे उभ्या असलेल्या सात-आठ लोकांनी मला नको त्या मायेनं बघायची गरज नव्हती. एका बाईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. दुसरीनं पाण्याची बाटली दिली. मी पाणी प्यायले, कारण तहान लागली होती, आणि त्यामुळे मी रडत होते असंच सगळ्यांना वाटलं.

त्या गर्दीत आमच्या कुरुदचं कोण होतं देव जाणे. मी ऑटोतून उतरेपर्यंत गल्लीला बातमी पोचलेली होती. दारात आई, शेजारी सिंधुताई.

"कोन हाय तो पोरगा?" सिंधुताईंनी विचारलं.

"कोंबडी आहे, काकू."

"आजकाल पोरायले असं नाव ठेवतात का वो?"

आईनं मला आत ओढलं. मला वाटलं आता पाठीत बसणार. पण तिनं फक्त विचारलं, "दुकान चुकलं का तुह्यं?" आणि पदर खोचून म्हणाली, "चाल, म्या येतो संगं."

आई मला सुपेल्याच्या बाजारात घेऊन गेली, तिच्या नेहमीच्या दाण्याच्या दुकानात. राजकुमार सेठ त्या दुकानाचे मालक. त्यांनी आमचं म्हणणं अर्धं ऐकलं आणि मागच्या फळीवरून एक पांढरा कॅन काढला. त्यावर एक गुटगुटीत कोंबडी हसत होती. "अरे नोनी, दाना वाला एसिड बोलती ना सीधा. फारम वाले रोज ले जाथें." नोनी म्हणजे इकडे पोरगी. मग आईकडे बघून म्हणाले, "बहनजी, हाथ में दस्ताना पहिनहू, आँख बचाहू." हातमोजे घाला, डोळे सांभाळा, एवढंच. ना आधार, ना मुलगा कोण. माझी इतकी बेअब्रू केवळ चुकीच्या काउंटरवर झाली होती, हे पचवायला मला सुपेल्यापासून घरापर्यंतचा सगळा रस्ता लागला.

रविवारी कडक ऊन पडलं. मी बाबांचा वेल्डिंगचा गॉगल आणि चामडी हातमोजे घातले. हातमोजे कोपरापर्यंत आले. कॅनवरचं माप एका टनाला होतं, आमचा दाणा दोन पोती, ते गणित मी दोनदा केलं आणि दोन्ही वेळा एकच उत्तर आलं, हे माझ्या गणिताच्या सरांना कळायला पाहिजे. ताडपत्रीवर दाणा पसरून मी फवारत गेले आणि आई फावड्यानं उलथत गेली. वास असा होता की सिरका, शिळं ताक आणि पी.टी.च्या तासानंतरचे मोजे एका डब्यात कोंडले आहेत. भिंतीवर सिंधुताई नाकाला पदर लावून उभ्या होत्या, पण गेल्या नाहीत.

इथे एक गोष्ट घडली. कोठीच्या तळाशी जुना दाणा उरला होता. ढेकळं आम्ही काढली, पण जो दाणा दिसायला बरा होता तो नव्यात मिसळला, कारण आमच्या घरात अन्न फेकणं बसत नाही. ढेकळं सिंधुताईंनी बकरीसाठी मागितली. मी नाही म्हटलं आणि खड्डा करून पुरली. त्या तीन दिवस बोलल्या नाहीत, इतकी शांतता आमच्या परसात कधी नव्हती.

सगळा दाणा कोठीत गेला. बाबांनी स्वतः येऊन बोल्ट आवळले. "आता हवाबी जात नाई आत," ते म्हणाले आणि कोठीच्या पाठीवर थाप मारली, जशी पोळ्याच्या दिवशी बैलाच्या पाठीवर मारतात.

मी शाळेत नीतू आणि खुशबूला सांगून टाकलं की आता अंड्यांची रांग लागेल. मी तारीखही सांगितली. तारीख आली, गेली. अंडी तेवढीच. एक तांबडी कोंबडी कोपऱ्यात पंख सोडून बसली, ती आईनं हातात घेतल्याशिवाय पाणीही पिईना. नीतू रोज विचारायची, "खट्टा खा रही हैं?" मी म्हणायचे, "विज्ञान को टाइम लगता है." हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते पेपरात नापास झालेल्या एका मुलालाही सांगितलं.

विश्वकर्मा पूजेच्या आदल्या दिवशी सकाळी आई पीठ मळत होती, म्हणून दाणा काढायला मी गेले. बोल्ट काढले, झाकण उचललं, आणि माझ्या मनगटावर पाणी पडलं. आभाळ निरभ्र होतं. मी झाकण उलटं केलं. आतल्या बाजूनं थेंबच थेंब, भाताच्या पातेल्यावरच्या झाकणासारखे. आत कोठीच्या भिंतीला बोट लावलं तर बोट गंजानं नारिंगी झालं. दाण्याचा वरचा थर ओला, आणि त्याखाली पुन्हा ढेकूळ.

मी विज्ञानाच्या मॅडमकडून नंबर घेऊन विजया मॅडमना फोन केला.

"तू ती खट्टावाली ना?" त्या म्हणाल्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी समजावलं. दिवसा ऊन लागून पत्रा तापतो, दाण्यातली ओल वाफ होऊन वर येते, रात्री पत्रा गार पडतो आणि तीच ओल झाकणावरून परत दाण्यात ठिबकते. वर ॲसिड लोखंडाला खातं. आणि ॲसिडमुळे नवी बुरशी थांबते, पण आधी तयार झालेलं विष जात नाही. जुना दाणा मिसळायलाच नको होता. "आधी दाणा सुका ठेव, मग ॲसिड. मी सभागृहात शेवटी हेच सांगितलं होतं."

"हो मॅडम," मी म्हणाले. "तेव्हा मी जरा कामात होते."

"कोंबड्यांना आज स्वच्छ दाणा दे. बऱ्याच सावरतील."

बऱ्याच सावरतील. पण परवा चिकनवाला येणार होता. आणि बाबा परसात बसून कोठीला निळा रंग देत होते. उद्या पूजा, प्लांटमधले लोक जेवायला येणार, त्यात त्यांचे जुने फोरमन देवाजी काकाही, ज्यांनी त्यांना वेल्डिंग शिकवलं. बाबा गुणगुणत होते. बाबा वर्षातून एकदा गुणगुणतात. शेकडो लोकांसमोर माइक धरणारी मी तिथे उभी राहिले, आणि तोंडातून निघालं ते, "बाबा, रंग छान आहे."

स्वयंपाकघरात जाऊन मी आईला सगळं सांगितलं. आई पुरणाची डाळ निवडत होती. ती निवडतच राहिली.

"मले माईत हाय," ती म्हणाली. "पयल्या दिवसापासून झाकनातून पानी पडते."

"मग कावून नाही सांगितलंस?"

"सगळे रैवार घातले त्यायनं. हात पोळून घेतले. कसं सांगू?"

"आणि कोंबड्या?"

आईनं डाळीतला खडा काढला, नीट बघितला आणि बाजूला ठेवला. "कोंबड्या काय, फिरून पाळता येते," ती म्हणाली. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. मला माझ्या आईचा इतका राग कधी आला नव्हता आणि इतकी मायाही कधी वाटली नव्हती. दोन्ही एकदम आल्यामुळे मी फक्त एक ग्लास पाणी प्यायले. त्या दिवशी कोंबड्यांना मी सुपेल्याहून आणलेला नवा दाणा पिशवीतून दिला, गुपचूप.

पूजेच्या दिवशी कोठीला झेंडूचा हार होता, हळदीकुंकू होतं, आणि निळ्या रंगावर पांढरं स्वस्तिक. देवाजी काका आले, कोठीभोवती एक फेरी मारली, जोडावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "वा आनंदराव. खोल पाहू."

बाबांनी पाना घेतला. एक एक बोल्ट असा काढला की जणू फीत कापताहेत. झाकण उघडलं.

आतला वास आधी बाहेर आला. दोन माणसं मागे सरली, एकानं हातातला प्रसाद खिशात घातला. देवाजी काका पुढे वाकलेले होते, त्यांना मागे सरता आलं नाही. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि तशा स्थितीत ते म्हणाले, "मजबूत हाय, बापा. लय मजबूत हाय." मग त्यांना खोकला आला.

बाबांनी आत हात घातला. भिंतीवरून गंजाचा एक पापुद्रा सुटून त्यांच्या बोटांना चिकटला. माझ्या बाबांनी आयुष्यभर जे काही जोडलं ते अजून टिकून आहे. तो पापुद्रा ते इतका वेळ बघत होते की पाहुणे एकेक करून ताटावर जाऊन बसले.

जेवणं झाली. लोक गेले. बाबा परसात उलट्या घमेल्यावर बसले होते. आई कोठीतला दाणा बाहेर काढत होती.

"हे पानी आलं कुठून?" बाबा म्हणाले. "एक थेंब गळत नाई कोठी."

"गळत नाही म्हणूनच," मी म्हणाले आणि विजया मॅडमनी सांगितलेलं सगळं सांगितलं. ऊन, वाफ, रात्र, थेंब. माइकशिवाय सांगितलं. 

बाबा आईकडे वळले. "तुले माईत होतं?"

आईनं मान डोलावली.

"कावून नाई सांगतलं?"

"तुमी हार घालून राहिले होते तिले," आई म्हणाली. "म्या कुठं सांगू?"

बाबा हसले नाहीत, पण त्यांची मिशी हलली. ते परत कोठीकडे बघायला लागले, आणि मला कळलं की आता कोणीतरी काहीतरी ठरवायला पाहिजे. बाबा कोठीसाठी बोलणार नाहीत, आई कोंबड्यांसाठी बोलणार नाही, आणि सकाळी चिकनवाला येईल. भिंतीपलीकडे सिंधुताईंची बांगडी वाजली, म्हणजे त्याही थांबल्या होत्या.

"आई, बाबा, मी ठरवलंय," मी म्हणाले. "कोंबड्या कुठंच जाणार नाहीत. चिकनवाल्याला फोन मी करते, बाबांचं नाव सांगून. हा दाणा पुरायचा, सगळा, बरा दिसतो तोही. नवा दाणा उन्हात सुकवून, ॲसिड मापानं मिसळून प्लास्टिकच्या ड्रममध्ये ठेवायचा, थोडा थोडा आणायचा. माप मी करणार. आणि बाबा, कोठी कापायची. गंज घासून तिच्या पत्र्याचा स्टँड करायचा, फूटभर उंच, म्हणजे ड्रमला जमिनीची ओल लागणार नाही. ते काम तुमचं, दुसऱ्या कोणाला जमणार नाही. पाहिजे तेवढा मजबूत बनवा, वर हत्ती ठेवला तरी हलायला नको. फक्त त्याला झाकण लावायचं नाही."